वाघ नसताना

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आमगावातील कापडाचा व्यापारी; वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही मज्जासंस्थेवर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र.

धान कापणीचे दिवस होते, लग्नसराईचा माल भरून ठेवला होता आणि गल्ल्यात पाचशे-हजाराच्याच नोटा होत्या. दूरचित्रवाणीवर नोटाबंदीची घोषणा ऐकली आणि तोंडास कोरड पडली, छाती धडधडू लागली, तळहात घामेजले. नागझिऱ्याच्या रानात वाघ समोर यावा तशी अवस्था! प्रत्यक्षात समोर होता चहाचा कप.

शरीराला हा भेद कळत नाही. मेंदूने धोक्याचा इशारा दिला की अनुकंपी चेतासंस्था तत्क्षणी जागी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी वाढते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. पाठोपाठ, काही मिनिटांत, कॉर्टिसोल वाढते आणि रक्तातील साखर चढती ठेवते. लढा किंवा पळा, एवढ्यासाठीच ही सारी सिद्धता. त्या रात्री माझे ताट तसेच राहिले, त्याचेही उत्तर यातच आहे. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन क्ष-किरणांनी मांजराच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर बिथरले की ती हालचाल थांबे.

वाघ निघून जातो आणि हरीण पुन्हा चरू लागते. बँकेची रांग, व्यापाऱ्यांचे तगादे, थकलेली उधारी मात्र महिनोन् महिने जात नाही. आपत्काळासाठी राखलेली रक्कम रोजच्या खर्चास काढावी, तसा हा व्यवहार. पुढे डॉक्टरांनी माझा रक्तदाब १६०/१०० असल्याचे सांगितले.

शांत करणारी बाजूही शरीरात आहे. तिला परानुकंपी चेतासंस्था म्हणतात. नाडीवर आपला थेट ताबा नाही, श्वासावर आहे, आणि उच्छ्वास लांबविला की नाडी किंचित मंदावते. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन व संथ श्वसन शिकविले आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचा दाब उतरला, कित्येकांच्या औषधाची मात्रा कमी करता आली. काहींना मात्र विशेष लाभ झाला नाही, हेही त्यांनी नोंदविले. आपल्याकडील कायोत्सर्गाशी याचे साम्य जाणकारांनी सांगावे, मी त्या अधिकाराचा नाही.

मी दुपारी दुकानाच्या गादीवरच अर्धा तास पडतो. गोळी सुटलेली नाही, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहे. कृपया माझे ऐकून कोणी आपली गोळी बंद करू नये!

एक गोष्ट राहिली. त्या रात्री हिशेब घेऊन आलेल्या आमच्या वृद्ध मुनीमजींवर मी नातवंडांदेखत ओरडलो होतो. चूक त्यांची नव्हती. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावयास मला पुढचे पर्युषण उजाडावे लागले. ते हसले आणि म्हणाले, “शेठजी, त्या दिवशी आपला हात थरथरत होता, म्हणून मी चहा परत नेला.”