काटा वर गेला, दोष कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म हे विषय शोभतात. आम्ही मात्र मोटारीचे गॅस्केट घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गॅरेजच्या दारात फार झाले. उरलेले आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेव्हा हाताने जे पाहिले तेच सांगतो.

इंजिनात खाली ब्लॉक आणि वर हेड असते. सिलिंडरात इंधन जळते, भोवती पाणी फिरते, शेजारून ऑइल जाते. आग, पाणी आणि तेल यांची गाठ पडू नये म्हणून ब्लॉक व हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा दाबून बसवितात, तोच हेड गॅस्केट. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिची पद्मिनी गाडी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. इंजिन अति तापले की हेड वाकते, आणि मधल्या पत्र्यावरचा दाब सुटतो.

एका वर्षी येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा होती. आपल्या जिल्ह्यातील चैत्राचे ऊन आपण जाणताच. भाड्याची एक गाडी बालाघाटाच्या चढावर तापून बंद पडली. मालक म्हणाला, चालकाने गॅस्केट उडविले. खर्च त्याच्या पगारातून कापणार. चालक आमच्याकडे आला. भांडण्याआधी गाडी पाहू, असे आम्ही ठरविले. दुसऱ्या दिवशी पहाटे मालकाच्या अंगणातच, दोघांना समोर ठेवून ती पाहिली. आपणही घरी असेच पाहावे.

पहिला नियम हा की, तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. दाबलेले उकळते पाणी थेट तोंडावर उडते. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, आणि इंजिन उघड्या जागीच सुरू करावे. बंद खोलीत त्याचा धूर जीव घेतो.

आधी ऑइलची पट्टी काढून पाहावी. तिच्यावरील ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग इंजिन सुरूच करू नये. नुसत्या ऑइलच्या झाकणाला थोडी साय धरली असेल तर घाबरू नये. थंडीत जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती वाफेनेही धरते.

नंतर रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठापर्यंत भरावे व इंजिन सुरू करावे. ज्या गाडीत रेडिएटरला झाकण नसते, तिथे कुलंटच्या टाकीत पाहावे. अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे प्रारंभी येतातच. पण ते थांबले नाहीत, उलट इंजिनाचा वेग वाढविताच वाढले, तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत आहे. पाणी कोमट होण्यापूर्वीच इंजिन बंद करावे.

सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ निघते, ती सर्वांच्याच गाडीची. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, पाणी रोज कमी झाले आणि खाली थेंबही दिसला नाही, तर गॅस्केटचा संशय घ्यावा. यांपैकी काहीच नसेल आणि गाडी नुसती तापत असेल, तर पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप व रेडिएटरचे झाकण आधी तपासावे. तरीही शंका उरली तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते कमी भरले, तर मधला पत्रा गेला असे बहुधा समजावे. हेड उघडण्याचा खर्च त्यानंतर.

त्या अंगणात बुडबुडे थांबेनात. गॅस्केट गेले होते. मालकाचा चेहरा खुलला. पण त्याच पाण्यात तांबूस गाळ होता, आणि रेडिएटरच्या तोंडाशी क्षाराचा पांढरा थर. वर्षानुवर्षे कुलंटऐवजी बोअरचे पाणी ओतले होते. आता आमचा चेहरा खुलला. आम्ही बोलायला तोंड उघडणार, तोच चालक हळूच म्हणाला, "अण्णा, काटा वर गेल्याला मला दिसला हुता. पण गाडीत पाशिंजर भरल्यालं. मधीच थांबविली असती, तर खेप बुडाली म्हणून मालकांनी बोललं असतं."

अंगणात कोणी बोलेना. आमचे तयार भाषण आम्हाला गिळावे लागले.

शेवटी खर्चाचा मोठा वाटा मालकाने उचलला, थोडा चालकाने. हेड सपाट आहे की नाही ते तपासले, रेडिएटर साफ केला, कुलंट भरले. नुसते गॅस्केट बदलले असते तर ते पुन्हा उडाले असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, काटा तांबड्या खुणेकडे गेला की चालकाने गाडी थांबवावी आणि त्या खेपेबद्दल त्याला कोणी बोलू नये, असे ठरले. पगारवाढीचे करार आम्ही पुष्कळ केले. पण हा एका ओळीचा करार आम्हाला त्यांच्याइतकाच मोलाचा वाटतो.

पत्रा फाटला की पत्र्याला दोष देणे सोपे असते. उष्णता कोठून आली, आणि थांबण्याची मोकळीक कोणाला होती, हे विचारले म्हणजे खरे निदान होते. आपल्या दारात गाडी असेल तर उद्या पहाटे, इंजिन थंड असताना, तिचे पाणी पाहा. चालक ठेवला असेल तर त्यालाही जवळ बोलवा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.