वहीतला ‘धृ’ आणि पुन्हा म्हणायच्या ओळी

आज आपण आपल्या गाण्यांच्या वहीबद्दल बोलू या.

भजनाच्या वहीत पहिल्या ओळीपुढे दोन उभ्या रेघांमध्ये ‘धृ’ लिहिलेलं असतं. धृ म्हणजे ध्रुवपद. ध्रुव म्हणजे न हलणारा. कडवी बदलतात, ही ओळ तीच राहते. प्रत्येक कडवं झालं की तिच्याकडे परत यायचं. तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहायला नको, म्हणून ही खूण.

तुकोबांच्या छापील गाथेत मात्र ही खूण बहुतेक अभंगांत दुसऱ्या चरणाशेवटी असते. भजनात आपण पुष्कळदा पहिलाच चरण धरतो. म्हणून आपल्या मंडळात कोणती ओळ धरतात, ते वहीत लिहायलाच हवं.

शिवाय परत कुठे यायचं ते ‘धृ’ सांगतो. किती वेळा म्हणायचं ते सांगत नाही. पाच रेघांवर सूर लिहिणारे बँडवाले ज्या भागाच्या शेवटी दुहेरी उभी रेघ आणि दोन ठिपके देतात, तो भाग पुन्हा वाजवायचा. दुसऱ्या वेळचा शेवट वेगळा असेल, तर वर १ आणि २ लिहितात. आपल्यालाही साध्या खुणा करता येतील. ओळ दोनदा असेल तर पुढे २ लिहू. अर्धीच ओळ परत घ्यायची असेल, तर तेवढ्याच शब्दांखाली रेघ ओढू. पुढची बाई म्हणते तिथे ‘पु’, मागच्या झील धरतात तिथे ‘मा’.

जात्यावरच्या ओव्यांना तर हे फारच लागतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पण नुसत्या शब्दांवरून चाल कळत नाही. गाताना ओळ परत घेतात, मध्ये ‘बाई’, ‘गं’ घालतात. त्यात दम घ्यायला वेळ मिळतो आणि पुढची ओळ आठवते. लिहिताना आपण नेमकं हेच गाळतो. गाणारी आजी गेली की ते कुणाला विचारणार?

म्हणून या आठवड्यात गावातल्या जाणत्या आजीकडून एक गाणं खुणांसकट लिहून घेऊ. मग चाल ठाऊक असलेल्या, पण ते गाणं कधी न म्हटलेल्या पोरीला वही देऊ. ती जिथे अडेल, तिथे आपली एक खूण राहिली असं समजू. आजी समोर आहे तोवर विचारून ती भरून घेऊ.