चित्तभावे ऐकणे



साधना म्हटली की जप आणि उपवास आठवतात. घरात आई किंवा आजोबा बोलू लागले असता हातातले काम ठेवून त्यांच्याकडे वळणे ही साधना गणली जात नाही. मराठी परंपरेने मात्र तिला वरचे स्थान दिले आहे. अवधान, म्हणजे विखुरलेले मन गोळा करून समोरच्या माणसाच्या स्वाधीन करणे, इ. स. १२९० मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायारंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे तेवढेच मागतात.

श्रावणातील आदितवारी वाचल्या जाणाऱ्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत हे अवधान थेट घरात येते. गरीब ब्राह्मण राजाघरी दिलेल्या लेकीकडे जातो. ती गूळपाणी पुढे करते, पण बापाला आपल्या वशाची, म्हणजे व्रताची, कहाणी ऐकवायची असते आणि राजा शिकारीला निघणार असल्याने लेकीला तेवढी उसंत नसते. पुढे तिच्या घरी दारिद्र्य येते. पाहुणचारात ती कुठेही उणी पडलेली नाही, आणि म्हणूनच ही कहाणी आजच्या मायाळू घरांनाही लागू पडते, जिथे ताट वेळेवर वाढले जाते, शाळेची फी वेळेवर भरली जाते, रंगमंचावरील पाल्याकडे पालक एकटक पाहतात, पण तोच पाल्य स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काही सांगू लागला की मोबाइलवरची नजर न उचलता त्याला नुसता हुंकार मिळतो. कहाणीने सांगण्याला मनोभाव आणि ऐकण्याला चित्तभाव असे दोन शब्द योजले आहेत. ऐकणाऱ्यालाही स्वतःची निष्ठा लागते, हे त्यातून स्पष्ट होते.

अशी निष्ठा म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे नव्हे. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य पत्नी मैत्रेयीला आपल्या बोलण्याचे निदिध्यासन करण्यास, म्हणजे त्यावर चित्त स्थिर ठेवण्यास सांगतात, आणि मृत्यूनंतर संज्ञा उरत नाही असे ते म्हणताच ती त्यांना थांबवून आपण गोंधळून गेल्याचे बोलून दाखवते. मन दुसरीकडे असलेल्या माणसाला असे अडता येत नाही.

आदित्यराणूबाईच्या कहाणीतील त्या लेकीला शेवटी बहिणीकडून तोच वसा मिळतो. परतीच्या वाटेवर, बापाचे न ऐकणाऱ्या तिलाच आता ऐकणारा शोधावा लागतो, आणि मोळीविक्या, माळी असे कष्टकरी थांबून तिचे ऐकतात. प्रत्येक वेळी कहाणी सांगताना ती सहा मोती घेते, त्यांतील तीन स्वतःकडे ठेवते आणि तीन ऐकणाऱ्याच्या हाती देते.