पडद्यावरचे खान



चंगेजखान हे नाव ऐकलं की आपल्याकडे पुष्कळांना तो मुसलमान बादशहा वाटतो. हा 'खान' या शब्दाचा परिणाम. खान ही मुळात मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांच्या नायकाची पदवी. चंगेजखान निळ्या आकाशाला देव मानणारा. त्याच्या फौजेनं १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद घेतलं. १२५८ मध्ये त्याचा नातू हलाकू यानं बगदाद लुटलं, खलिफाला ठार केलं. यांत मेलेले बहुतेक लोक मुसलमानच होते. मारणारा आणि मरणारा यांची अशी गल्लत होते, तेव्हा इतिहास समजावून घेण्याचं काम पुस्तकांपेक्षा सिनेमाकडे जास्त जातं. म्हणून सिनेमानं काय दाखवलं, ते पाहायला हवं.

१९५६ साली दोन चित्रपट आले. हॉलिवूडच्या 'द कॉन्करर'मध्ये जॉन वेन तेमुजिन, म्हणजे तरुण चंगेजखान झाला. काउबॉय म्हणून गाजलेला हा नट मिशा लावून अमेरिकेतल्या युटाच्या माळावर घोडा दौडवतो, आणि ते गोबीचं वाळवंट समजायचं! त्यात तो बोर्ते या तरुणीला पळवून आणतो. इतिहासात नेमकं उलट आहे. बोर्ते त्याची लग्नाची बायको. तिला मर्किट टोळीनं पळवलं आणि त्यानं सोडवून आणलं.

त्याच साली मुंबईत 'हलाकू' निघाला. प्राण यांनी हलाकू उभा केला, सोबत मीनाकुमारी आणि अजित. प्राण यांचा दरारा जबरदस्तच. पण इथंही गोष्ट एका सुंदरीची आणि तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या राजाची. एवढा मोठा संहार, तो प्रेमाच्या त्रिकोणात मावून गेला.

पुढं २००७ मध्ये रशियन दिग्दर्शक सर्गेई बोद्रोव यांचा 'मंगोल' आला. पात्रं मंगोल भाषेत बोलतात, नायक मात्र जपानी नट. बोर्तेच्या अपहरणाची हकिकत इथं सरळ आहे. हाल सोसलेला मुलगा, बायकोवर जीव टाकणारा नवरा असा हा चंगेजखान आपल्याला आवडू लागतो. पण टोळ्या एक झाल्या की चित्रपट संपतो. बुखारा त्यानंतरचं. म्हणजे जुन्या सिनेमानं त्याला लंपट केलं, नव्यानं लोभस केलं. जिंकलेल्या शहरांतला माणूस दोन्हीकडे बाहेरच राहिला.

असा एक माणूस मला पडद्यावर पाहायचा आहे. अतामलिक जुवैनी. इराणी मुसलमान, हलाकूच्या पदरी चाकरीला. १२५६ मध्ये अलमूतचा किल्ला पडला, तेव्हा हलाकूची परवानगी काढून तो तिथल्या ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, मोलाचे ग्रंथ, खगोलाची उपकरणं त्यानं वाचवली. आणि जी पुस्तकं त्याला पाखंडी वाटली ती जाळूनही टाकली. पुढं तो बगदादचा कारभारी झाला. बुखाऱ्याच्या विध्वंसाची हकिकत त्यानंच आपल्या फारसी इतिहासात लिहून ठेवली.

ज्याचं मीठ खायचं त्याच्याच आजोबानं केलेली राखरांगोळी लिहायची, आणि हाताला स्वतः लावलेल्या आगीचा वास. या माणसाला खलनायक म्हणता येत नाही, नायकही म्हणता येत नाही. आपल्या सिनेमावाल्यांनी घोडे आणि तलवारी पुष्कळ दाखवल्या. आता कुणीतरी हा लेखणीवाला दाखवावा.