पिळाची नळी आणि फोमची गोळी



या व्यासपीठावरून आपण एरवी इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकता. मी मात्र आज एक खेळणे घेऊन उभा आहे. यास कारण आहे. माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चारचौघांत कबूल केल्याखेरीज मला चैन पडणार नाही.

शेजारची दोन मुले एके दिवशी हातभर लांबीची पीव्हीसीची नळी घेऊन माझ्याकडे आली. मागच्या टोकास पंपाचा दट्ट्या, पुढच्या टोकातून फोमची गोळी उडायची, अशी त्यांची घरगुती तोफ. थोरला म्हणाला, "आजोबा, नळीला आतून पिळाच्या खाचा पाडल्या तर गोळी सरळ जाईल का?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "जाईल की! रायफलीची नळी तशीच तर असते." बिचाऱ्यांनी दोन रविवार खपून खाचा पाडल्या. नंतर येऊन सांगतात, "आजोबा, सरळ तर जात नाहीच, उलट अलीकडेच पडते."

जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला हा चांगलाच टोला होता. तेव्हा मूळापासून विचार करू लागलो.

आता असे पाहा, की पिळाची गरज मुळात पडली कशाला? जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी वाटोळी. गोळी नळीत किंचित सैल बसे. बाहेर पडताना या ना त्या बाजूस घासे आणि वाटेल तशी गिरकी घेत निघे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर ग्रंथ लिहिला, आणि गोळीचे वाकडे जाणे हवेमुळे घडते हे त्याने दाखविले. त्याचा एक प्रयोग मोठा मौजेचा आहे. त्याने बंदुकीच्या नळीचे तोंड थोडे डावीकडे वाकविले. गोळी आधी डावीकडे निघाली खरी. पण पुढे वळून उजवीकडे गेली! कारण वाकणातून जाताना ती नळीच्या उजव्या भिंतीवर घरंगळली व तशी गिरकी तिला लागली. पुढे १८५२ साली माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने याच परिणामाचा अभ्यास केला, आणि आज तो त्याच्या नावाने ओळखला जातो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत सरकतो तो याच न्यायाने.

गिरकी टाळता येत नसेल, तर ती आपल्या सोयीची करून घ्यावी. नळीत पिळाच्या खाचा पाडल्या, की गोळी आपल्या वाटेच्याच अक्षाभोवती फिरते. मग तिला बाजूस ढकलणारा जोर उरत नाही, आणि फिरता भोवरा जसा पडत नाही तशी लांबट गोळीही कोलमडत नाही. खाचांची ही विद्या जर्मन कारागिरांना १६ व्या शतकातच अवगत होती.

आपल्या इतिहासाशीही या खाचांचा संबंध आहे. १८५३ ची एन्फील्ड रायफल घ्या. नळी ३९ इंच, खाचा ३, आणि ७८ इंचांत एक पूर्ण वेढा. म्हणजे गोळी नळीत अर्धाच फेरा घेई. गोळीचा बुडखा पोकळ असे. स्फोटाने तो फुगे आणि मऊ शिसे खाचांत घट्ट बसे. गोळी नळीत सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावीत. ती गाईची व डुकराची आहे अशी बातमी पसरली, आणि १८५७ च्या २९ मार्चला बराकपूर व १० मेला मीरत येथे काय घडले हे आपण जाणताच. उठावाची कारणे याहून पुष्कळ खोल होती. पण ठिणगी या काडतुसाची.

या सगळ्यातून दोन अटी निघतात. एक, गोळीने खाचा पकडल्या पाहिजेत. दोन, गोळीला गिरकीची गरज असली पाहिजे. माझ्या शेजाऱ्यांची गोळी या दोहोंत नापास होते.

शिसे दाबले की दबलेलेच राहते, म्हणून ते खाचेचा ठसा घेते. फोम दाबला की पुन्हा उसळतो. तो खाचांवरून नुसता घसरत जातो, फिरत नाही. खाचांच्या फटींतून हवा मात्र पुढे निसटते. हवा निसटली की जोर गेला. म्हणून गोळी अलीकडे पडली. नळी अधिक घट्ट करावी, तर घर्षणातच जोर संपतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फोमच्या खेळण्यांचा आरंभ अमेरिकेत झाला. १९६९ साली रेन गायर याला फोमच्या चेंडूची कल्पना सुचली, आणि १९९२ पासून नर्फच्या बंदुकांत फोमच्या लांबट गोळ्या आल्या. आजची प्रचलित गोळी सुमारे ७२ मिलिमीटर लांब आणि जेमतेम एक ग्रॅम वजनाची असते. तिच्या तोंडाशी रबराची जड टोपी, मागे हलका फोम. म्हणजे वजन पुढे आणि हवेचा रेटा मागे. बॅडमिंटनचे फूल आठवा: कसेही मारा, बूच पुढे करूनच जाते. बाणाचेही तसेच. अशा वस्तूला सरळ ठेवण्याचे काम हवाच करते. रायफलीच्या गोळीचे वजन मागे असते, म्हणून तिला भोवऱ्याचा आधार लागतो.

मग गिरकी अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. गोळीची एक बाजू किंचित वाकडी असेल, तर गिरकीने तो दोष चहूबाजूंस वाटला जातो. बाणाची पिसे तिरपी लावतात ती याचसाठी. काही हौशी मंडळी नळीच्या तोंडाशी तिरपे दोरे ताणून गोळीला हलकी गिरकी देतात. ही युक्ती खाचांपेक्षा शहाणपणाची.

आता एक कळकळीचे सांगणे. मुले पुढची पायरी म्हणून पीव्हीसीच्या बंद नळीत हवा कोंबू पाहतात. हे करू देऊ नका. नळीवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दबत नाही. नळी फुटली तर चिरते आणि पाणी सांडते. हवा मात्र दबलेल्या स्प्रिंगसारखी असते. एक लिटर जागेत वातावरणाहून पाचपट अधिक दाबाने हवा भरली, तर तीत सुमारे ३५० जूल शक्ती साठते. ३५ किलोचे पोते मीटरभर उचलण्याइतकी. ती सुटली की प्लास्टिकचे धारदार तुकडे उडतात. उन्हाने जुनी झालेली नळी तर अधिकच ठिसूळ. हाताने ढकललेला दट्ट्या पुरे. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि गोळी फोमचीच हवी.

शेवटी मी त्या मुलांकडे गेलो व म्हणालो, "माझे चुकले." मग आम्ही तिघांनी मिळून बेत ठरविला: गोळीवर शाईची एक रेघ ओढायची, म्हणजे ती फिरते की नाही ते कळेल; साध्या नळीतून वीस आणि खाचांच्या नळीतून वीस गोळ्या एकाच अंतरावरून भिंतीवरच्या कागदावर मारायच्या, आणि ठिपके मोजायचे. धाकटा म्हणाला, "आजोबा, हे आधीच का नाही सांगितलंत?"

त्याच्या या प्रश्नाला मजजवळ उत्तर नाही. उदाहरण दिसले की आपण नियम सांगून मोकळे होतो. तो नियम कोणत्या अटींवर उभा आहे हे विचारीत नाही. आपल्या घरी असा प्रश्न आला, तर माझ्यासारखे वर्तमानपत्राआडून उत्तर देऊ नका. वर्तमानपत्र खाली ठेवा, आणि मुलांबरोबर ठिपके मोजायला बसा.