जमात तीच, राज्य बदललं म्हणून यादीबाहेर



मी नागपूर जिल्ह्यातली गोंड. घरातली पहिली पदवीधर. विद्यापीठाच्या वसतिगृहात माझी रूममेट आसामच्या चहाबागेतली मुंडा होती. शिष्यवृत्तीच्या अर्जात मी 'एसटी'वर खूण केली, तिनं 'ओबीसी'वर. मी हसले, "अगं, चुकलीस!" ती म्हणाली, "नाही चुकले. झारखंडमधले आमचे भाऊबंद एसटी आहेत. आम्ही नाही."

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी छोटा नागपुरातून मुंडा, उरांव, संथाळ माणसं आसामात मजुरीला नेली. पुढे संविधानाच्या कलम ३४२ नुसार अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार झाल्या. आसामच्या यादीत ही माणसं आली नाहीत.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात एसटी नसलेल्याला जंगलातला ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. मजुराच्या घरात एवढे जुने कागद कुठून येणार?

२४ नोव्हेंबर २००७ ला याच मागणीसाठी गुवाहाटीत मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांना मारहाण झाली, एका आदिवासी मुलीला भर रस्त्यात विवस्त्र केलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आसामातल्या बोडो, मिसिंग, कार्बी अशा आधीपासून यादीत असलेल्या जमातींना आपला वाटा घटेल अशी भीती वाटते. ती भीती खोटी नाही. म्हणून नव्यांना यादीत घेताना जुन्यांचा वाटा राखून ठेवला पाहिजे. गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढणं हा न्याय नव्हे.

त्या रात्री मी घरी फोन केला. बाबांनी सांगितलं, १९७६ च्या दुरुस्तीआधी विदर्भात ठरावीक तालुक्यांतलाच गोंड एसटी धरला जाई. गडचिरोलीतल्या सोयऱ्यांना दाखला मिळे, नागपूर जिल्ह्यातल्या माझ्या आजोबांना नाही. रक्त तेच, देव तेच, फक्त तालुका वेगळा. संसदेनं ती तालुक्याची रेघ पुसली, म्हणून आज माझ्या हातात दाखला आहे. राज्याची रेघ अजून तशीच आहे.

म्हणून एक विनंती. "हे कसले आदिवासी?" असं कुणी विचारलं, तर त्या मुलीकडे नाच आणि पोशाखाचा पुरावा मागू नका. यादी कशी बनते, ते वाचा आणि समजावून सांगा. मी हसले होते. तुम्ही हसू नका.