कांद्याचे मूळ आणि कोल्चिकम
आमच्या घरात कांदा येत नसे. तो प्रथम हाती आला कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आईला कळवले नाही. मुळाच्या टोकाच्या पेशीत १६ गुणसूत्रे मधोमध येतात, चातीच्या सुतासारखे तर्कुतंतू त्यांना धरतात आणि जुळी अर्धगुणसूत्रे दोन टोकांना ओढून नेतात. मग मध्ये पेशीभित्तिका उभी राहते.

कोल्चिकम या वनस्पतीच्या कंदातले कोल्चिसीन घातले, की तंतू जुळतच नाहीत. अर्धगुणसूत्रे सुटतात, पण जाणार कुठे? ३२ गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात.

याच कोल्चिकमच्या गोळ्या मी ३५ वर्षे गाउटवर दिल्या. ३० पोटेन्सीत कोल्चिसीनचा रेणूही उरत नाही. रुग्णांनी कधी विचारले नाही, मीही सांगितले नाही. आज सांगतो आहे.